स्टोअरकाका आणि जास्तीची नोंद

स्टोअरकाकांना खऱ्या नावानं हाक मारणारं आता गल्लीत कोणी उरलेलं नाही. पाण्याचे पंप बनवणाऱ्या कारखान्यात ते मिसरूड फुटायच्या वयात चिकटले ते स्टोअरमध्ये, आणि केस पांढरे झाल्यावर बाहेर पडले तेही स्टोअरमधूनच. नट, बोल्ट, बेअरिंग, ग्रीसचे डबे, हातमोजे, झाडू, कारखान्याला जे जे म्हणून लागे ते सगळं त्यांच्या जाळीच्या खिडकीतून बाहेर जाई, आणि चिठ्ठी आत आल्याशिवाय काहीही बाहेर जात नसे. एकदा खुद्द मोठे साहेब खिडकीशी आले आणि पेन्सिल मागू लागले. काकांनी चिठ्ठी मागितली.

"अहो, चिठ्ठी लिहायलाच पेन्सिल हवी आहे," साहेब म्हणाले.

काकांनी आपल्या कानावरची पेन्सिल काढून त्यांना दिली, चिठ्ठी लिहून घेतली, कानावरची पेन्सिल परत कानावर ठेवली आणि मग कपाटातून नवी पेन्सिल काढून साहेबांच्या हातावर ठेवली. साहेब हसले की रागावले हे काकांना आजही सांगता येत नाही, कारण ते तेव्हा चिठ्ठीवरची तारीख बघत होते.

स्टोअरमध्ये चोरीपेक्षाही काकांना धास्ती असायची ती एका गोष्टीची. एकाच मालाच्या दोन नोंदी. एका वस्तूची दोन कार्डं झाली की एकावर माल आहे, दुसऱ्यावर नाही. मग कारखाना खोळंबतो, किंवा आहे तोच माल पुन्हा मागवला जातो आणि वर्षानुवर्षं गंजत पडतो. अशी जास्तीची नोंद सापडली की काका ती लाल शाईनं खोडत, कार्ड टराटरा फाडत आणि तुकडे स्वतः टोपलीत टाकत. अर्धवट काढलेली नोंद पुन्हा डोकं वर काढते असं त्यांचं म्हणणं होतं.

निवृत्तीनंतर ही नजर घराकडे वळली. स्वयंपाकघरात दोन कात्र्या दिसल्या की एक नाहीशी व्हायची. दोन गाळण्या, दोन टॉर्च, दोन छत्र्या, सगळ्याचं तेच. काकूंनी काही दिवस सोसलं आणि मग एका सकाळी दाराशी उभ्या राहून सांगितलं, "अहो, दोन दिसलं की एक काढून टाकायचं असेल तर आधी तुमच्या चपलांपासून सुरुवात करा. मग माझ्या गाळणीला हात लावा."

काका त्यावर हसले आणि गाळणी परत आली. टॉर्च मात्र गेला तो गेलाच.

अशा माणसाच्या हाती लॅपटॉप पडला. परगावी असलेल्या मुलानं नवा घेतला आणि जुना, चपटा, एका कोपऱ्यात पोचा आलेला, वडिलांसाठी ठेवून गेला. शिकवायचं काम काकांच्या भाचीकडे आलं. ती एका कॉलेजातले कॉम्प्युटर सांभाळते. कोणाचा प्रिंटर अडला, कोणाचा पडदा काळा झाला, कोणाचं नेट गेलं, की तिला बोलावणं येतं. तिनं मामाला लॅपटॉप चालू करायला शिकवलं, बंद करायला शिकवलं, आणि एकदा सहज डिव्हाइस मॅनेजर उघडून दाखवला. "मामा, या मशीनमध्ये जेवढे म्हणून भाग आहेत त्यांची ही यादी."

ते तिनं दाखवायला नको होतं, असं ती नंतर म्हणाली. काका त्या यादीच्या प्रेमातच पडले. प्रत्येक भागाचं नाव, त्याचा गट, गटासमोर बाण, बाण दाबला की आतला माल. दुपारी लोक फोटोंचे अल्बम चाळतात तसे काका ती यादी चाळत बसायचे.

पण लॅपटॉप घरात आला होता तो यादीसाठी नव्हे, बुद्धिबळासाठी.

काकांना एक थोरला भाऊ आहे. दोघं लहानपणापासून बुद्धिबळ खेळत आले. शाळेत, नोकरीत, दोघांची लग्नं झाल्यावर, मुलं झाल्यावर, पट कधी मिटला नाही. तो मिटला याच भाचीच्या लग्नात. हॉलमध्ये जेवणं उरकल्यावर दोघे भाऊ कोपऱ्यात पट मांडून बसले होते. थोरल्यांनी उंटाला हात लावला, विचार केला आणि हात काढून घोडा उचलला.

"दादा, उंट. हात लावलास की तोच खेळायचा," काका म्हणाले.

"लावला नव्हता हात. नीट ठेवत होतो."

"लावला होतास."

थोरल्यांनी आजूबाजूला पाहिलं. नवरीच्या सासरची माणसं खुर्च्या ओढून बसली होती आणि त्यांना चांगलीच गंमत वाटत होती. नवऱ्या मुलाचे वडील म्हणालेसुद्धा, "मीही पाहिलं बुवा." त्यावर थोरल्यांनी सगळा पट उलटा केला, शाल खांद्यावर टाकली आणि चालू लागले. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. किती वर्षं झाली हे भाचीच्या मुलीच्या उंचीवरून ज्यानं त्यानं ओळखावं.

लॅपटॉप आल्यावर भाचीनं दोन्ही मामांना न विचारता इंटरनेटवरच्या एका बुद्धिबळाच्या ठिकाणी दोघांची खाती उघडली. थोरल्यांच्या घरी त्यांच्या नातवानं बसवून दिलं, इकडे तिनं. तिथं समोरासमोर बसावं लागत नाही. एकानं खेळी करायची, दुसऱ्याला तीन दिवसांत उत्तर द्यायचं. वेळ उलटली तर डाव गेला. उंटाला हात लावून घोडा उचलण्याचा प्रश्नच तिथं नाही. दोघांनीही "बघू" म्हटलं. बघता बघता त्यांचे कित्येक डाव झाले. बोलणं मात्र नव्हतं. पटाच्या शेजारी निरोप लिहायची एक चौकट होती. ती कोरीच राहिली होती.

आणि मग त्या आठवड्यात थोरल्यांच्या खेळीबरोबर चौकटीत दोन शब्द आले. "बरा आहेस?"

काकांनी ते शब्द काकूंना बोलावून दाखवले. काकू म्हणाल्या, "मग लिहा की, बरा आहे."

"लिहितो. घाई कसली."

"घाई त्यांनी केली बहुतेक. इतकी वर्षं घालवून."

काकांनी खेळी ठरवली, पण शब्द ठरेनात. नुसतं "बरा आहे" लिहिणं तुटक वाटत होतं. "तू कसा आहेस" जोडलं तर आपणच पडतं घेतलं असं व्हायचं. दोन दिवस ते घरभर पुटपुटत फिरले. खेळी आणि उत्तर एकदमच पाठवायचं असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सातपर्यंत मुदत होती. दुपारी लॅपटॉप उघडला, चौकटीत "बरा" एवढंच टाइप केलं, आणि मन लागेना म्हणून ते पुसून विरंगुळ्याला यादी उघडली.

नेटवर्कच्या गटात दोन नावं होती. एकाच कंपनीची, दोन्हीत "वायरलेस", दोन्ही लांबलचक, शेवटचा शब्द सोडला तर जुळी. याआधी काकांनी ती शंभरदा पाहिली असतील. त्या दिवशी मात्र ती डोळ्यांत खुपली. काकांनी वरच्या नावावर उजवं बटण दाबलं आणि "काढून टाका" निवडलं. मशीननं विचारलं, याचा ड्रायव्हरही पुसायचा का? शेजारी एक रिकामा चौकोन होता. काकांनी त्यात टिक केली. नोंद खोडायची तर कार्डही फाडायचं.

क्षणात कोपऱ्यातली नेटची खूण गेली आणि तिथं फुली आली.

काकांनी लॅपटॉप बंद करून चालू केला. मग काकूंना हाक मारली. मग हाक मारल्याचा पश्चात्ताप झाला. शेवटी भाचीला फोन केला आणि आवाज शक्य तितका सहज ठेवून म्हणाले, "कॉलेज सुटलं की जरा येतेस? नेट गेलंय. आपोआप."

भाची आली तेव्हा ऊन उतरलं होतं. पर्स खुर्चीवर टाकून तिनं विचारलं, "काय केलंत, मामा?"

"काही नाही."

"सगळे हेच म्हणतात," ती म्हणाली आणि कामाला लागली. पॅसेजमधल्या राउटरचे दिवे पाहिले, तो बंद करून चालू केला. तिच्या फोनवर त्याच राउटरचं नेट छान येत होतं. म्हणजे राउटर ठीक. मग लॅपटॉपलाच दोष शोधायला लावलं. त्यानं बराच वेळ गोल गोल फिरवून सांगितलं की दोष काय आहे ते सापडत नाही.

काका घड्याळाकडे बघत होते. "सातच्या आत होईल ना?"

"सात का?"

काकूंनी स्वयंपाकघरातून सांगितलं, "तुझ्या थोरल्या मामानं विचारलंय, बरा आहेस का म्हणून. यांचं उत्तर अजून तयार होतंय. सातला मुदत संपते."

भाचीनं हात थांबवले. "आणि सातपर्यंत खेळी गेली नाही तर?"

"तर त्याला वाटेल," काका म्हणाले, "की त्यानं तोंड उघडलं आणि मी पटावरून उठलो." ते हे फार हळू बोलले. "एकदा तो उठला होता. आता मी."

"माझ्या फोनवरून खेळा ना. पासवर्ड मीच तर लावला होता."

"तो मी बदलला. चावी एकाकडेच असावी."

"मग नवा सांगा."

"आठवत नाही. मशीन विचारतं, जपून ठेवू का, तर मी नको म्हणतो. एकदा आत शिरलो ते शिरलो. बाहेर पडलोच नाही कधी."

"बरं, मग फोन करा थोरल्या मामाला. किंवा मी करते."

"तू मध्ये पडायचं नाहीस, हे लग्नाच्या दिवशीच ठरलंय."

"ते तुम्ही ठरवलंत. मी तेव्हा फोटो काढून घेत होते."

तिनं यादी उघडली आणि उघडताच तिला दिसलं. नेटवर्कच्या गटात जिथं दोन नावं हवीत तिथं एकच होतं. खाली "इतर" म्हणून एक नवा गट निघाला होता आणि त्यात पिवळ्या त्रिकोणाची खूण लागलेलं एक अनोळखी नाव बसलं होतं.

"मामा, हे आपोआप नाही झालेलं."

काका चष्मा पुसू लागले. "जास्तीची नोंद होती. दोन सारखी."

"सारखी नव्हती. जे राहिलंय ते ब्लूटूथचं. तुम्ही काढलंत ते वायफायचं."

"वरून दोन्ही सारखीच दिसतात."

"आणि त्या चौकोनात टिक केलीत?"

"अर्धं काम ठेवायचं नसतं."

भाचीनं कपाळावर हात मारला, पण तिला हसूही आवरेना. "टिक केली नसती तर मशीननं आपलं आपण परत बसवलं असतं. आता कसं झालंय सांगू? माल स्टोअरमध्ये आहे. खिडकीवरचा माणूस तुम्ही घालवलात. त्या माणसाला म्हणतात ड्रायव्हर."

काकांना हे लगेच समजलं. "मग बदली माणूस मागव."

"मागवायला नेट लागतं."

"मग नेट आण."

"नेट यायला तो माणूस लागतो."

काकांच्या कारखान्यात असा पेच कधी पडला नव्हता, किंवा पडला असेल तर साहेबांच्या पेन्सिलीच्या वेळी.

लॅपटॉपला मागच्या तारखेच्या स्थितीत नेता येतं का ते भाचीनं पाहिलं. ती सोय काकांनी "जागा अडवते" म्हणून कधीच बंद केली होती. राउटरची वायर खोचायला चपट्या लॅपटॉपला जागाच नव्हती आणि ब्लूटूथवरून फोन जोडला जाईना, मग फोन केबलनं जोडून फोनचं नेट लॅपटॉपला द्यावं असं ठरलं. घरातली केबल नुसती चार्जिंगची निघाली, तिच्यातून नेट जाईना.

"दुसरी केबल?"

"दोन होत्या," काका म्हणाले.

काकूंनी आतून मोठा निःश्वास टाकला. तो मुद्दाम ऐकू जाईल असाच टाकला होता.

भाची पेनड्राइव्ह घेऊन खालच्या झेरॉक्सवाल्याकडे गेली. त्याच्याकडची केबल तिच्या फोनला बसेना. मग तिनं त्याच्याच कॉम्प्युटरवर लॅपटॉपच्या कंपनीचं पान उघडलं, मॉडेल टाकलं, वायफायचा ड्रायव्हर उतरवून घेतला आणि वर येऊन बसवायला घेतला. अर्ध्यावर गेल्यावर मशीननं कळवलं की हा ज्या भागासाठी आहे तो भाग इथं नाहीच.

"असं कसं? मॉडेल तर हेच," ती स्वतःशी म्हणाली.

काका पुढं सरकले. "मॉडेलवर जाऊ नकोस. एकाच पंपात दोन कंपन्यांची बेअरिंगं बसतात. वरून कळत नाही. भागावरचा नंबर..."

"तेच काढतेय, मामा. रोज हेच करते मी."

"नाही, मी आपलं सांगितलं."

"आवडलं मला सांगितलेलं. लिहून घ्या आता."

पिवळ्या त्रिकोणावर दोनदा टिचकी मारून, तपशिलात शिरून, तिनं त्या भागाचा लांबलचक नंबर काढला. काकांनी तो कानावरच्या पेन्सिलीनं उतरवला, एकेक अक्षर बोटानं तपासून. तेवढ्यात भाचीला कॉलेजातून फोन आला. उद्या परीक्षा, आणि परीक्षेचा कॉम्प्युटर उघडत नव्हता. ती फोनवर "आधी काय केलंत ते सांगा" म्हणत असतानाच काकांनी पेनड्राइव्ह उचलला, चपला घातल्या आणि जिना उतरले.

झेरॉक्सवाला शटर अर्ध्यावर ओढून आतला केर काढत होता. काका वाकून आत शिरले.

"काका, बंद झालंय."

"हा नंबर शोध."

"सकाळी नाही चालणार?"

"सकाळी माझा भाऊ नसेल."

झेरॉक्सवाल्याच्या हातातला झाडू थांबला. "आजारी आहेत?"

"नाही रे. खेळतोय माझ्याशी. सातपर्यंत."

झेरॉक्सवाल्याला यातलं काही कळलं नाही, पण काकांचा चेहरा कळला. त्यानं कॉम्प्युटर परत चालू केला. काकांनी नंबर वाचला, त्यानं टाइप केला, काकांनी पडद्यावर एकेक अक्षर पुन्हा जुळवून पाहिलं. शोधल्यावर दोन फायली आल्या. एक जुनी, एक नवी. बाकी नाव तेच, कंपनी तीच, सगळं तेच.

"कुठली देऊ?"

काकांनी भाचीला फोन लावला. लागेना, ती अजून कॉलेजाशीच बोलत होती. काका त्या दोन नावांकडे बघत राहिले. नवी घ्यावी तर मशीन जुनं. जुनी घ्यावी तर ती का बदलली असेल? वर खाली करायला वेळ नव्हता.

"दोन्ही दे," ते म्हणाले.

झेरॉक्सवाल्यानं मान वळवली. याच काकांनी त्याच्या दुकानात दोन स्टेपलर बघून एक घरी न्यायची तयारी दाखवली होती. "दोन्ही? तुम्ही, काका?"

"दे रे बाबा, बोलू नकोस कोणाजवळ."

जिना चढताना त्यांना धाप लागली. भाचीचा फोन नुकता संपला होता. तिनं आधी नवी फाइल लावली. ती बराच वेळ चालली आणि मशीन फार जुनं आहे असं सांगून बंद पडली. मग जुनी लावली. काकू हातातलं फडकं तसंच धरून दारात येऊन उभ्या राहिल्या. पडदा एकदा मिटला, उघडला. पिवळा त्रिकोण गेला. नेटवर्कच्या गटात दोन नावं एकाखाली एक येऊन बसली, आणि कोपऱ्यातली फुली जाऊन तिथं नेटची खूण आली.

भिंतीवरचं घड्याळ सातच्या पुढं गेलेलं होतं.

"संपलं," काका म्हणाले. ते खुर्चीत मागं टेकले. "असू दे. तू केलंस, बाई. तुझ्याकडून काही राहिलं नाही."

"उघडा तर."

"काय बघायचंय त्यात."

भाचीनंच उघडलं. पट दिसला. सगळी मोहरी जागच्या जागी होती आणि खाली काकांचं घड्याळ अजून चालू होतं. त्यावर जवळजवळ एक अख्खा दिवस शिल्लक होता.

"हे कसं?" काकांनी मान पुढं काढली.

भाचीनं घड्याळाशेजारची अधिकची खूण दाखवली. समोरच्याला वेळ वाढवून द्यायची ती सोय होती. थोरल्यांनी दुपारीच ती दाबली होती. चौकटीतही "बरा आहेस?" च्या खाली नवी ओळ होती. "उशीर होत असेल तर होऊ दे. मी बसलोय."

काकांनी ती ओळ वाचली. मग चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचली. काकू त्यांच्या मागे उभ्या राहून वाचत होत्या. भाचीनं उगाचच लॅपटॉपची वायर सरळ केली.

"दिवस आहे हातात, मामा. सावकाश विचार करून खेळा."

"विचार झालाय माझा." काकांनी वजीर उचलून दोन घरं पुढं ठेवला. मग चौकटीत बोट नेलं. "बरा आहे" लिहिलं. थांबले. पुढं लिहिलं, "नेट गेलं होतं. मीच घालवलं होतं." पुन्हा थांबले, आणि मग भाचीला म्हणाले, "त्याचा फोन नंबर तोच आहे का गं अजून?"

"तोच आहे."

"तू मध्ये पडू नकोस हं. मी लावतो."

"मी कुठं पडतेय. मी चहा टाकायला चाललेय."

ती आणि काकू स्वयंपाकघरात गेल्या. आधण ठेवेपर्यंत बाहेरून काहीच ऐकू आलं नाही. मग काकांचा आवाज आला, जरा घोगरा. "दादा? हां. मीच." आणि बराच वेळ नुसतं "हं", "हं", "अरे हो". एकदा ते मोठ्यानं हसले. काकूंनी साखर चमच्यात तशीच धरून ठेवली.

चहा घेऊन त्या बाहेर आल्या तेव्हा काका खुर्चीत ऐसपैस बसले होते आणि लॅपटॉपकडे बोट दाखवून, थोरल्यांना ते बोट दिसतंय अशा थाटात, सांगत होते, "नाही, नाही, ऐक तू. मॉडेल बघून काही कळत नाही. भागाचा नंबर काढावा लागतो. मी खाली जाऊन दोन्ही फायली घेऊन आलो, म्हणून झालं. हां, पोरगीही होती मदतीला."

भाचीनं काकूंकडे पाहिलं. काकूंनी खूण केली, जाऊ दे.

"आता तुझं सांग," काका फोनमध्ये म्हणाले. "गुडघा कसा आहे? वहिनी? सांग सगळं, मला काही घाई नाही."

काकूंनी त्यांच्या कपावर बशी झाकली आणि भाचीला आपल्याबरोबर आत नेलं.